जिन्यावरची बाई बदल्यात गेली

मला टीव्हीचा राग नाही. टीव्हीतल्या बायकांचा आहे. सगळा जन्म मी बायकांतच काढला. शेतात, बाजारात, एसटीच्या फलाटावर नाना तऱ्हेच्या बायका पाहिल्या. पण भरजरी साडी नेसून दिवसभर जिन्यावर उभी राहणारी एकही भेटली नाही. टीव्हीत मात्र घरोघर जिना, आणि जिन्यावर बाई. खाली कोणी काय बोललं की ही वरून ऐकते आणि गालात हसते. हिचं दूध उतू जात नाही. हिला कोणी हाक मारत नाही. हिला कुठं जायचंही नसतं.

आमच्याकडे ह्या बायकांचे ढीग लावायची रीत पडली ती कांद्यामुळे. डिंभ्याच्या कालव्याचं पाणी आलं तेव्हापासून आमच्या शिवारात कांदा होतो. उन्हाळ्यात काढलेला कांदा बराखीत भरून ठेवतात. बराखी म्हणजे वारा खेळावा म्हणून फटी ठेवून बांधलेली लांबट चाळ. पावसाळा सरत आला की बराखी फोडायची आणि बायकांनी ओळीनं बसून कांदा निवडायचा. मोठा गोळा एकीकडे, त्याहून लहान ती गोल्टी दुसरीकडे, अगदी बारीक चिंगळी वेगळी, दोन एकात वाढलेले जोड वेगळे. डाग पडलेला, मऊ झालेला, वास सुटलेला तो बदला. बदला हाताला लागला की त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, सरळ मागं फेकायचा. हात इतके सरावतात की डोळे कुठंही असले तरी चालतं. आणि तोंड तर मोकळंच असतं.

ते तोंड आमच्यात सगळ्यात जास्त चालतं माझ्या धाकट्या जावेचं. ती रोज संध्याकाळी टीव्हीपुढून उठत नाही आणि दुसऱ्या दिवशी बराखीत बसून सगळं पहिल्यापासून सांगते. ऐकायला माझी ना नाही. पण माझी एक अडचण होती. माझा बाप मेंढरं राखायचा. अख्ख्या कळपात कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे तो नुसतं तोंड बघून सांगायचा, आणि लहानपणी मलाही ते जमायचं. पण ह्या मालिकांतल्या बायका मला तोंडावरून ओळखता येत नाहीत. सगळ्यांना एकाच डब्यातला रंग फासलेला. मेंढरांत जास्त फरक असतो. म्हणून मी जावेला मधेच अडवायची.

"थांब. ही कोणती? जिन्यावरची का दुधाच्या पेल्याची?"

"दुधाच्या पेल्याची ती दुसऱ्या मालिकेत व्हती, बाई. ही दाराआडची."

"म्हंजी पडद्याला धरून ऐकती ती?"

"तीच. काल तिनं समदं ऐकलं."

"ऐकून केलं काय?"

"काय न्हाई. डोळं मोठं केलं."

असे ढीग पडत गेले. जिन्यावरच्या एका ढिगात. दाराआडच्या दुसऱ्या. नवऱ्याला पेल्यात काहीतरी घालून दूध देणाऱ्या तिसऱ्या. मेल्यावर दुसरं तोंड घेऊन परत येणाऱ्या त्या जोड, कारण एकाच नावात दोन बाया. ट्रे घेऊन येणाऱ्या आणि सगळं माहीत असूनही कधीच न बोलणाऱ्या मोलकरणी गोल्टीत. पुरुषांचा एकच ढीग केला, ज्यांचा फोन नेमका हवा तेव्हा बंद असतो त्यांचा. सगळे पुरुष त्यात मावले.

जिन्यावरच्यांचं काय करायचं ह्यावर मात्र वाद झाला. जाऊ म्हणाली, त्या गोळ्यात घालाव्या, भारी साड्या असतात. मी म्हणाले, बदला. उभ्या उभ्या सडलेला माल. माझ्या सुनेनं मान हलवली, दोन मतं झाली आणि ते ठरलं. तेव्हापासून जावेनं कोणी जिन्यावरची आणली की आम्ही ओळीनं एकदम "बदला" म्हणायचो आणि हातातला सडका कांदा मागं भिरकावायचो.

माझ्यासारख्या म्हाताऱ्यांचे मालिकेत दोनच ढीग असतात, ह्याचा मला जास्त राग. एक देवघरापुढं बसून सगळ्यांना आशीर्वाद देणारी आणि एक सगळ्यांच्या जेवणात विष कालवणारी. मधलं कोणी नाहीच. गुडघे दुखतात म्हणून वैतागलेली, सुनेशी चटणीवरून भांडलेली आणि तासाभरात तिच्याच हातचा चहा प्यायलेली म्हातारी त्यांना माहीत नाही. असली म्हातारी गावात घरटी एक आहे. पण ती दाखवली तर जिन्याला काम काय राहणार?

आता माझ्या सुनेबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. ती बोलायला कमी आहे. लग्नाआधी ओतूरला शिलाईच्या क्लासला जायची. हात चांगला आहे. तिनं नुसत्या सुईदोऱ्यानं शिवलेला ब्लाऊज मी घालते आणि तो कुठं टोचत नाही. पण मशीन नव्हती. माझा मुलगा चाकणला कंपनीत असतो, सुट्टीला घरी येतो, आणि दर सुट्टीला "पुढच्या महिन्यात घेऊ" म्हणून जातो. पुढचा महिना आला की घरात दुसरं काहीतरी मोडतं. मशीन राहते. सून दुसऱ्यांच्या वावरात खुरपायला जाते, बाळंतपणापासून तिची कंबर धरते, तरी जाते. तिला घरात बसून शिवायचं होतं, बायकांनी कापड घेऊन दारात यावं असं वाटत होतं. लग्न होऊन आल्यापासून तिनं तेवढं एकच मागितलेलं.

दसऱ्याच्या आधी गावात रिक्षा फिरली, भोंगा लावून. निवडणूक जवळ आली होती, त्यामुळे मतं मागणाऱ्या साहेबांना एकाएकी आमची, म्हणजे बायकांची, फार आठवण यायला लागली होती. बायकांच्या खेळांचा कार्यक्रम, सासू-सुनांच्या जोड्या पाहिजेत, शेवटचा खेळ मालिकांवर, पहिलं बक्षीस शिलाई मशीन. सून बराखीत माझ्या शेजारी बसली होती. तिचे हात थांबले. कांदा निवडताना तिचे हात थांबलेले मी पहिल्यांदा पाहिले.

"आत्या, येता का?"

"म्या? नाचायला?"

"नाचायला न्हाई. मालिका वळखायच्यात. आपल्याला तर समद्यांचे ढीग पाठ हायेत."

"तोंडं कुठं पाठ हायेत मला?"

"तोंडं मी बघते. तुमी नुसतं बसा."

जाऊ म्हणाली, "जावा की बाई. ही कधी तोंड उघडून काय मागती का?" मी हो म्हणाले.

कार्यक्रम शाळेपुढच्या मैदानात होता. मंडप, दिवे, सगळ्यांच्या डोक्यावर साहेबांचं एवढं मोठं चित्र. पुणेरी बोलणारा एक माणूस माईक घेऊन इकडून तिकडं पळत होता. वयानं माझ्या मुलाएवढा. मला म्हणाला, "आजी, किती गोड आहात हो तुम्ही!" मी म्हणाले, "तू मला आत्ताच बघितलंय." बायका हसल्या. त्याला वाटलं, मी गंमत करते.

आधी फुगे फोडले, मग लिंबू-चमचा झाला, त्यात बऱ्याच सासवा बाद झाल्या. शेवटी तीन जोड्या उरल्या. एक आम्ही. एक खालच्या आळीतली. आणि एक गावाबाहेरच्या बंगल्यातली सासू-सून. त्या बंगल्याला जिना आहे, हे मुद्दाम सांगते.

स्टेजवर मागं खुर्च्या मांडल्या होत्या आणि मधोमध साहेबांची बायको बसली होती. सगळे तिला वहिनीसाहेब म्हणत. मी तिला तोवर लांबूनच पाहिलेलं. स्टेजच्या कडेला ती मशीन ठेवली होती, पायानं चालवायची, नवीकोरी, वर प्लास्टिक. सून खेळ सोडून तिच्याकडेच बघत होती.

मग माईकवाल्यानं प्रत्येक जोडीपुढं सतरंजीवर पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो ओतले आणि चार टोपल्या ठेवल्या. टोपल्यांवर कागद लावलेले, आदर्श सून, आदर्श सासू, कपटी सून, कपटी सासू. मालिकेतल्या बायका ज्या त्या टोपलीत टाकायच्या, आधी संपवेल ती जोडी जिंकली. मला वाचता येतं. मी ते चार कागद वाचले आणि तिथंच माझं डोकं तापलं. अहो, जगातल्या एवढ्या बायकांना चारच टोपल्या? आमच्या बराखीत साध्या कांद्याला पाच ढीग लागतात.

सून म्हणाली, "आत्या, तुमी उचलून माझ्या हातात द्या. टाकायचं मी बघते."

आम्ही दोघी उकिडव्या बसलो, कांद्याला बसतो तशा. शिट्टी झाली. मी उचलायची, ती टाकायची. आमचा वेग काय विचारता! बाकीच्या जोड्या "ही कुठली गं, ती काळ्या साडीतली का" करत बसल्या होत्या, तोवर आमचा निम्मा ढीग उरकला. खाली बायका ओरडत होत्या. माझ्या जावेचा आवाज सगळ्यांच्या वर. माझे डोळे मशीनकडे आणि हात फोटोंवर. असा एक फोटो हाताला आला. भरजरी साडी, नथ, हात जोडलेले, आणि पाठीमागं पायऱ्या. लखलखीत जिना.

मी विचार केला नाही. तो करायचाच नसतो. "जिन्यावरची," म्हणाले आणि मागं फेकला.

मागं काय होतं ते सांगितलंच आहे. फोटो जाऊन पडला मधल्या खुर्चीपुढं, वहिनीसाहेबांच्या पायाशी. तो त्यांचाच होता.

मंडप गप्प झाला. आणि त्या शांततेत खालून माझ्या जावेचा आवाज आला, "बदला!" मग जे हसणं उठलं ते काही केल्या थांबेना.

माईकवाला पळत आला. "आजी, अहो, हा फोटो कुणाचा आहे माहितीये का तुम्हाला?"

"जिन्यावरचीचा."

"ह्या आपल्या वहिनीसाहेब आहेत! हे सरप्राईज होतं. ह्यांना आदर्श सुनेत टाकायचं होतं!"

"मग ही मालिकेतल्या बायकांत काय करती?"

त्यानं माईक माझ्या तोंडापुढंच धरला होता, त्यामुळे हे सगळ्या मैदानानं ऐकलं. त्यात माझं काय चुकलं, मला अजून कळलेलं नाही. खेळ मालिकांचा. चित्रं मालिकांची. त्यात तू तुझ्या साहेबाची बायको मिसळतोस, नथ घालून जिन्यावर उभी करून, आणि म्हातारीनं ओळखलं नाही म्हणून तूच डोळे वटारतोस? वाण्यानं तांदळात खडे मिसळून गिऱ्हाइकालाच विचारावं, तुम्ही ते फेकले का, त्यातलं झालं हे.

साहेबांच्या बायकोनं फोटो उचलला आणि पदरानं पुसला. ती रागावली की हसली, ते मी बघितलं नाही. मी सुनेकडे बघत होते. तिनं तोवर उरलेले सगळे फोटो टोपल्यांत टाकून संपवले होते आणि दोन्ही हात वर करून उभी होती. आमचं पहिलं झालं होतं. सगळ्यांनी पाहिलं होतं.

माईकवाला म्हणाला, "नियमाप्रमाणे फोटो टोपलीबाहेर पडला की जोडी बाद."

"हा नियम तू कधी सांगितलास?"

"असतोच तो, आजी."

"कुठं असतो?"

त्यानं माईक दुसरीकडे नेला. खालच्या आळीतल्या दोघींनी तो फोटो कपटी सासूत टाकला होता, त्यांना तर कोणी काही विचारलंच नाही. बंगल्यातल्या दोघींनी बरोबर आदर्श सुनेत टाकला. टाकणारच. साहेबांच्या घरी हळदीकुंकवाला जाणाऱ्या त्या. मशीनवर हात ठेवून वहिनीसाहेबांबरोबर त्या दोघींचा फोटो निघाला. आम्हाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, त्यात काट्यांच्या मागं साहेब आणि वहिनीसाहेब दोघंही हात जोडून.

घरी येताना सून घड्याळ छातीशी धरून पुढं चालली होती. चालता चालता मागं वळली. मग म्हणाली, "आत्या, फेकायचीच काय गरज व्हती?"

"हाताला काय ठावं, ती साहेबाची हाय म्हणून?"

"माझ्या हातात द्यायची ठरली व्हती."

तिला नाही, त्या माईकवाल्याला घरापर्यंत शिव्या घातल्या. घड्याळ मी गोठ्यात लावलं.

दुसऱ्या दिवसापासून बराखीत दुसरा विषयच नव्हता. वहिनीसाहेब बदल्यात गेल्या, म्हणून बायका पोट धरून हसायच्या. शेजारच्या गावच्यासुद्धा मुद्दाम येऊन विचारून गेल्या. मलाही हसू येत होतं, खोटं कशाला बोलू. पण माझी सून हसत नव्हती. खाली मान घालून कांदा निवडायची आणि दुपारी उंबऱ्यात बसून सुईनं कोणाचा तरी ब्लाऊज शिवायची. सुईनं एक ब्लाऊज होतो तेवढ्यात मशीनवाली कितीतरी उरकते. हे ती मला म्हणाली नाही. मला दिसत होतं.

मग जावेनं बातमी आणली. "बंगल्यावर ती मशीन तशीच पडून हाय. वर कुंडी ठेवलीया."

मी दुसऱ्या दिवशी बंगल्यावर गेले. हॉलमध्ये टीव्ही मोठ्यानं लागलेला, कारण तिथल्या सासूला कमी ऐकू येतं. टीव्हीशेजारी मशीन. खरंच वर कुंडी, प्लास्टिकच्या फुलांची. वर भिंतीवर तो तिघींचा फोटो.

"काकी, बसा ना. चहा टाकते," तिथली सून म्हणाली.

"चहा नको. तुला शिवता येतं का?"

"मला? नाही बाई."

"सासूला?"

"त्यांना सुई दिसत नाही हो."

"मग मशीन आमाला दे. वापरायला. फोटो तुझाच ठेव."

ती लाजली नाही की रागावली नाही, नुसती अवघडली. "तसं कसं काकी? बक्षीस आहे ते. साहेबांची माणसं येतात-जातात. नाही दिसलं तर काय म्हणतील?" मग कुंडी सरळ करत म्हणाली, "असं करा. तुमच्या सुनेला म्हणावं, दुपारी इथंच येऊन शिव. मला काही नको. फक्त माझे ब्लाऊज तेवढे करून द्यायचे."

मी तरातरा घरी आले. सुनेला सांगितलं आणि वर माझं मतही सांगितलं, की जिंकलेल्या मशीनवर दुसऱ्याच्या घरी फुकट राबायला जाणारी सून माझ्या घरात नाही.

"जाते मी," ती म्हणाली.

"अगं, तिचे फुकट शिवणार तू?"

"तिचे फुकट. बाकीच्यांचे न्हाई." तिनं सुई कापडात टोचून ठेवली. "आत्या, तुमचं भांडान त्या माईकवाल्याशी हाय. मला शिवायचंय. मशीन कुणाच्या घरात हाय, त्याचं मला काय?"

गेली ती. रोज दुपारी कापडाची पिशवी घेऊन जायची. आधी बरं चाललं, मग तिथल्या म्हातारीची तक्रार सुरू झाली. मशीनच्या आवाजात मालिका ऐकू येत नाही. मोठ्यानं भांडतात ते येतं, पण दाराआडची कुजबुजते ते येत नाही, आणि सगळं काय ते त्या कुजबुजीत असतं. मग असं ठरलं की मालिका चालू असली की हिनं पाय थांबवायचा आणि जाहिराती लागल्या की शिवायचं. ऐकताय ना? माझ्या सुनेनं साबणाच्या आणि तेलाच्या जाहिरातींत बाह्या लावल्या. एका ब्लाऊजला दोन-दोन दुपारी. हे ती बराखीत सांगायची ते हसत हसत, म्हणजे तिला आता हसू यायला लागलं होतं, पण माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी चारदा म्हणाले, मी येते आणि त्या म्हातारीला सांगते. चारदा तिनं मला बसवलं.

दिवाळी तोंडावर आली. कापडं साठली. एका दुपारी खालच्या आळीतल्या लग्नाचे ब्लाऊज द्यायचे होते, आणि टीव्हीत नेमकी दुधाच्या पेल्याची बाई दाराआडचीच्या कानात काहीतरी सांगत होती. जाहिरात काही येईना. माझ्या सुनेनं पाय थांबवला नाही. म्हातारी ओरडली. हिनं पाय थांबवला नाही. म्हातारी आणखी ओरडली, रिमोट आपटला, म्हणाली, "ने ही तुझी चक्की घरातून!" माझ्या सुनेनं बाहीची शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला, आणि मगच वर बघितलं.

तिथली सून स्वयंपाकघरातून आली. तीही कंटाळलीच होती. "घेऊन जा गं बाई," म्हणाली. "पण बोभाटा करू नका. कुणी विचारलं तर दुरुस्तीला नेलीय म्हणून सांगा. आणि साहेबांचं कोणी यायचं असलं तर मी फोन करीन, तेवढ्यापुरती आणून ठेवा."

संध्याकाळी शेजाऱ्याच्या पिकअपमधून मशीन घरी आली, कांद्याच्या गोण्यांच्या मागं, वर रिकामी पोती झाकून. चोरीचा माल असल्यासारखी. आम्ही जिंकलेली मशीन! सुनेनं ती खिडकीपाशी लावली, पोती झटकली आणि दिवाबत्तीच्या आधीच शिवायला बसली. आता दारात बायका कापड घेऊन येतात. खुरपायला ती जात नाही. दोनदा बंगल्यावरून फोन आला आणि दोनदा मशीन पिकअपमध्ये घालून नेली, फोटोखाली ठेवली, माणसं चहा पिऊन गेली की परत आणली. दोन्ही वेळा मी पिकअपच्या पुढच्या सीटवर बसून गेले, रस्त्यात कोणी भेटावं म्हणून.

कारण मला ते दुरुस्तीचं जमत नाही. पहिल्याच दिवशी जावेनं विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. मग दूधवाल्याला सांगितलं. ओतूरच्या स्टँडवर एक अनोळखी बाई शेजारी बसली होती, तिलाही सांगितलं. सून हात जोडते. म्हणते, "आत्या, मशीन जाईल तुमच्या तोंडापायी." म्हणून हे लिहिताना कोणाचं नाव घातलेलं नाही, साहेबाचं नाही, बंगल्याचं नाही, आमच्या गावाचंही नाही. तेवढं तिचं ऐकलं.